शाळेची नोंद, गावाच्या पानावर

कुंडमचं नाव कोशात आलंच, तर ते हिरन नदीच्या पोटात येतं. जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव. त्याच्या परिसरात हिरन उगम पावते आणि सुमारे १८८ किलोमीटर वाहून उजव्या तीराने नर्मदेला मिळते. उगम, लांबी, संगम हे सगळं कोशकाराला आयतं मिळतं, कारण ते आधीच कुणीतरी मोजून, छापून ठेवलेलं आहे. त्याच परिसरातल्या गोंड वस्त्यांमधली जुनी प्राथमिक शाळा कधी सुरू झाली, पहिल्या वर्षी तिच्यात कोण बसलं, पहिली मुलगी कधी आली, हे कुणी मोजलेलं नाही. नदीला पान मिळतं आणि शाळेला अकरा आकडे मिळतात. देशातल्या प्रत्येक शाळेला शिक्षण खात्याचा यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, मध्य प्रदेशासाठी २३. मग जिल्हा, विकासखंड, गाव, आणि शेवटच्या दोन आकड्यांत शाळा. सरकारच्या लेखी तेवढी नोंद पुरते.

अशा शाळेला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद मिळावी का, हा प्रश्न बहुतेकांना किरकोळ वाटेल. तो ज्यांना किरकोळ वाटत नाही ते दोन गट: शाळेचे माजी विद्यार्थी आणि कोशाचे संपादक. पहिल्यांचं म्हणणं असं की शंभर वर्षं चाललेली शाळा आपोआपच नोंदीला पात्र ठरते. दुसरे म्हणतात, देशात प्राथमिक शाळा लाखांनी आहेत, कुणाकुणाला पान द्यायचं? मला या भांडणात दोघांचंही थोडं पटतं आणि दोघांचाही निष्कर्ष पटत नाही.

आधी नियम पाहू. आज कोश म्हटलं की विकिपीडिया डोळ्यांपुढे येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथला निकष उल्लेखनीयतेचा. विषय महत्त्वाचा आहे असं लिहिणाऱ्याला वाटून चालत नाही. त्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या भरवशाच्या साधनांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली असावी लागते. इंग्रजी विकिपीडियावर शाळांवरून वर्षानुवर्षं खडाजंगी चालली. माध्यमिक शाळा असेल तर लेख ठेवायचा आणि प्राथमिक असेल तर तिचा मजकूर गावाच्या लेखात विलीन करायचा, असा तिथे बराच काळ रिवाज होता. २०१७ साली तिथल्या संपादकांनी माध्यमिक शाळांची ही सवलतही काढून घेतली. शाळा अस्तित्वात आहे एवढ्यावर लेख मिळणार नाही, असं ठरलं. प्राथमिक शाळा त्याआधीपासूनच दाराबाहेर उभी होती.

कागदी कोशांच्या काळात जागेची अडचण खरी होती. श्रीधर व्यंकटेश केतकर आमच्याच जुन्या मध्य प्रांतातले, १८८४ साली रायपूरला जन्मलेले. त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेव्हा प्रत्येक पानाचा खर्च त्यांना वर्गणीदारांकडून उभा करावा लागत होता. वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभ्या केलेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि वीस खंड पुरे व्हायला जवळपास चार दशकं गेली. तिथे एखाद्या प्राथमिक शाळेला रकाना द्या असं म्हणणं वेडेपणाचंच ठरलं असतं. आता पडद्यावरच्या कोशाला पानांची टंचाई नाही. म्हणजे जागेचं कारण गेलं, आणि खरं कारण उघडं पडलं: या शाळेविषयी जे लिहाल ते खरं आहे हे तिसऱ्या माणसाने कशावरून ओळखायचं?

इथे माजी विद्यार्थी जुनेपणा पुढे करतात. पण नुसतं वय कोशाच्या कामाचं नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. ती शाळा तिथे अखंड चालू राहिलेली नाही. वाड्यात पुढे दुकानं आली, स्मारकासाठी वर्षानुवर्षं खटला चालला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेली इमारतच पाडली गेली. आज तिथे ना ती शाळा आहे ना तो वाडा. तरीही या शाळेला कोशात जागा नसावी असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्या शाळेने समाजातली एक गोष्ट बदलली आणि ती बदलल्याचे साक्षीदार लिहून गेले, शिव्या देणारेसुद्धा. पहिल्या सहा विद्यार्थिनींची नावंही आज सांगितली जातात. (मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२४ सालीच मुलींची शाळा काढली होती. 'पहिली' हे बिरुद कोशात शिरण्याचं सगळ्यात स्वस्त तिकीट आहे, त्यामुळे त्याच्यापुढे 'कुणी काढलेली, कुणासाठी' हे विचारल्याशिवाय ते मान्य करू नये.) तसंच अमरेलीचं. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेली भागात केला आणि १९०६ पर्यंत तो सगळ्या बडोदे संस्थानात नेला. त्या पहिल्या गावांतल्या शाळा आज नुसत्या भिंती असतील, पण एका धोरणाची सुरुवात तिथे झाली. कोशाला तेवढं पुरतं.

आता माझी खरी तक्रार. कोशांचा हा निकष वरून तटस्थ दिसतो, पण तो एका जुन्या अन्यायाच्या उतारावरून वाहतो. जबलपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयाचंच उदाहरण घ्या. महाविद्यालय आपलं स्थापनावर्ष १८३६ सांगतं, आणि स्थापना जबलपूरला नव्हे तर सागरला झाल्याचं सांगतं. १८७३ साली ते जबलपूरला हललं. पण सागरलाही १८३६ च्या आधी काहीतरी होतं. १८२० च्या दशकाच्या अखेरीला कॅप्टन जेम्स पेटन नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने तिथे शाळा काढल्या. त्या चालवण्यात त्याचा उजवा हात होता कृष्णराव नावाचा एक मराठी तरुण. पेशव्यांच्या सागरच्या सुभ्यात राहिलेल्या मराठी घरांपैकी तो. लॉर्ड बेंटिंकलाही त्याच्या कामाचं कौतुक वाटलं होतं. त्या शाळांच्या खांद्यावर पुढचं हायस्कूल आणि मग कॉलेज उभं राहिलं. आज नोंद कॉलेजची आहे. मुळाक्षरं गिरवणाऱ्या त्या पहिल्या शाळा कॉलेजच्या नोंदीतल्या एका वाक्यात उरतात, तेही लिहिणारा दयाळू असेल तर.

ही वृत्ती कोशकारांनी शोधून काढलेली नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं त्याचा रोख हाच होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणाकडे कुणी पाहत नाही. वर ओतलेलं ज्ञान आपोआप खाली झिरपेल हा सिद्धान्त त्यांना मान्य नव्हता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. पैसा वर गेला म्हणून इमारती वर झाल्या. इमारतींतून शिकलेल्यांनी आठवणी लिहिल्या, आत्मचरित्रं लिहिली, शाळेचे इतिहास लिहिले. आता कोश म्हणतो, साधनं दाखवा. साधनं अर्थातच वरच्या शाळांचीच सापडतात. झिरपण्याचा सिद्धान्त शिक्षणखात्याने केव्हाच सोडला, कोशांत मात्र तो नकळत चालू आहे.

मग नियम मोडून टाकावा का? नाही, आणि इथे मी संपादकांच्या बाजूने आहे. शाळांवरचे लेख कसे असतात हे ज्याने वाचलंय त्याला कळेल. शाळा अमुक साली स्थापन झाली. परिसर निसर्गरम्य आहे. शिक्षकवृंद तज्ज्ञ व अनुभवी आहे. विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाकडे लक्ष दिलं जातं. अनेक माजी विद्यार्थी उच्च पदांवर कार्यरत आहेत. या मजकुरातलं शाळेचं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही शाळेचं नाव घाला, एकही वाक्य खोटं पडणार नाही. माझी कसोटी एवढीच आहे: नाव बदलून पाहा. नाव बदलल्यावरही मजकूर खरा राहत असेल तर ती नोंद नाही, ते पत्रक आहे. लाखभर शाळांची लाखभर पत्रकं कोशात भरली तर कोशाचं नुकसान होईलच, पण जास्त नुकसान शाळांचं होईल; कारण मग ज्या शाळेत खरोखर काही घडलं तीही त्याच गर्दीत दिसेनाशी होईल.

हीच कसोटी कुंडमकडच्या शाळेला उलट बाजूने लावून पाहा. नाव बदलल्यावर खोटं पडेल असं तिच्याजवळ काय आहे? आहे, आणि भरपूर आहे, पण ते एका कपाटात आहे. प्रत्येक शाळेत दाखल-खारिजचं रजिस्टर असतं; महाराष्ट्रात त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव, दाखल केल्याची तारीख, नाव कमी केल्याची तारीख आणि कारण. या रकान्यांत एका टापूचा इतिहास आडवा-उभा पसरलेला असतो. कोणत्या साली कोणत्या टोल्यातून, म्हणजे वाडीतून, पहिला मुलगा आला. जातीच्या रकान्यात 'गोंड' केव्हा दिसू लागतं आणि 'कोल' केव्हा. मुलींची नावं दरवर्षी एखाददुसरी असताना एकदम आठ-दहा कधी होतात. कमी करण्याच्या कारणात 'सतत गैरहजर' हा शेरा कोणत्या महिन्यांत गर्दी करतो: मोहाची फुलं वेचायचा हंगाम, तेंदूपत्ता, की रोवणीला नर्मदेच्या मैदानात गेलेलं कुटुंब. १८९६-९७ च्या दुष्काळाने जबलपूर जिल्ह्याला जबर मारलं आणि १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या उतरलेली दिसते. त्या काळातलं एखादं रजिस्टर कुठे उरलं असेल तर त्या घसरगुंडीला मुलांच्या नावांचे चेहरे मिळतील.

या रजिस्टरांचं आणखी एक काम आहे, ज्याकडे कोशवाल्यांचं लक्ष गेलेलं नाही. खेड्यातल्या माणसाला राज्याच्या कागदावर आणलं ते शाळेने. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला गुरुजींनी अंदाजाने तारीख दिली. महाराष्ट्रात एका पिढीच्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो आणि इकडे मध्य प्रदेशात १ जुलैला. शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख मुलाला जन्मभर चिकटली. (नोकरीतून एकाच दिवशी निवृत्त होणाऱ्यांच्या निरोपसमारंभात हे गणित कळतं.) आडनावंही तिथेच पक्की झाली. ज्याला गडचिरोलीत मडावी लिहितात तोच गोत्रनामाचा शब्द मंडला-जबलपूरकडे मरावी होतो, आणि कुठल्या गुरुजींच्या बोरूने कोणता उच्चार पकडला यावर नातवाचं जमातीचं प्रमाणपत्र अडतं किंवा सुटतं. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० सालच्या सप्टेंबरच्या आधीचा पुरावा मागितला की बरोबर आठवण होते ती आजोबांच्या शाळेची.

महाराष्ट्र शासनालाही ती झाली. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. महसुलाचे, जन्ममृत्यूचे जुने कागद उलगडले गेले, आणि त्यांच्याबरोबर जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरंही. मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. ज्या शाळांचं नाव कोशात घ्यायला कुणी तयार नव्हतं, त्यांच्या कपाटातल्या एकेका ओळीवर घरंच्या घरं आशा लावून बसली. साताऱ्याच्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी झालेली भिवा रामजी आंबेडकर या मुलाची नोंद आज जपून ठेवलेली आहे आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ती नोंद आपल्याला मोलाची वाटते ती पुढे काय झालं हे माहीत असल्यामुळे. ज्या दिवशी ती लिहिली गेली त्या दिवशी ती वरच्या-खालच्या ओळींसारखीच होती.

मग हे कपाट कोशापर्यंत का पोचत नाही? कारण रजिस्टर हे मूळ साधन आहे, आणि कोश मूळ साधनावर चालत नाही; ते वाचून कुणीतरी लिहिलेल्या दुसऱ्या मजकुरावर चालतो. हा नियमही मला योग्य वाटतो. कोशकाराने स्वतः दफ्तरं चाळून निष्कर्ष काढायला लागलं तर त्याची चूक तपासणार कोण? अडचण अशी की कुंडमकडच्या शाळेविषयी तो मधला मजकूर लिहायला कुणी बसलेलंच नाही.

दुसरीकडे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या एकखोली शाळा, जिथे एकच शिक्षक सगळे वर्ग एकत्र शिकवायचा, त्यांपैकी कितीतरी शाळांना आज विकिपीडियावर स्वतंत्र लेख आहेत. त्या आपल्या शाळांपेक्षा थोर होत्या म्हणून नव्हे. १९६६ च्या कायद्याने तिथे ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय यादी सुरू झाली, आणि यादीत नाव घालायचं तर अर्जासोबत त्या वास्तूचा इतिहास लिहून द्यावा लागतो. तो लेखच पुढे कोशाचं साधन होतो. आपल्याकडे प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आहे आणि त्यात शंभर वर्षांची अट आहे. शंभरी ओलांडलेल्या प्राथमिक शाळा त्या अटीत सहज बसतात. पण आपल्या संरक्षित यादीत किल्ले, देवळं, लेणी, मकबरे. जबलपूरकडचं म्हटलं की भेडाघाट, मदनमहाल, राणी दुर्गावती. दगडाला आपण चटकन वंदन करतो, फळ्याला करत नाही.

कधीकधी शाळा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर बसून कोशात येते. डिंडोरीच्याही पुढे, आता डिंडोरी जिल्ह्यात असलेल्या करंजियाला १९३२ साली व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे राहायला गेले. हिवाळे मराठी ख्रिस्ती, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात एल्विनचे सोबती. दोघांनी गोंड सेवा मंडळ काढलं, दवाखाना चालवला, गोंड मुलांसाठी छोट्या शाळा चालवल्या. एल्विनवर ग्रंथ लिहिले गेले, त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, सगळ्या कोशांत ते आहेत. हिवाळ्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर १९४६ साली पुस्तक लिहिलं. त्यांची नोंद एल्विनच्या नोंदीच्या सावलीत राहते. त्या शाळांची तर सावलीसुद्धा नाही. त्यांत शिकलेल्या मुलांचं पुढे काय झालं हे कुठल्याही कोशात नाही. एल्विन गेले की त्या शाळांचा धागा तुटतो, जणू शाळा त्यांच्यासाठी होत्या, मुलांसाठी नव्हत्या.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं नशीब थोडं वेगळं. बोर्डीला १९४५ साली सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणावर नेण्याचा त्यांचा प्रयोग, कुरणशाळा, मराठी वाचकांना ठाऊक आहे, कारण अनुताईंनी स्वतः लिहिलं, शिक्षणविषयक मासिकांनी छापलं. म्हणजे शाळेत काही घडणं आणि ते लिहिलं जाणं या दोन गोष्टी जुळून आल्या. कुंडमच्या रस्त्यावरही कुठेतरी एखाद्या गुरुजीने गुरं राखणाऱ्या मुलांसाठी वेळ बदलली असेल. लिहिणारं मासिक तिथून फार लांब होतं.

मराठी मुलखात शाळेचं लेखन म्हणजे शताब्दीची स्मरणिका. तिची रचना ठरलेली असते. सुरुवातीला मंत्र्यांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे शुभसंदेश, शेवटी सराफ, खतविक्रेते आणि मंगल कार्यालयांच्या जाहिराती. मध्ये कुठेतरी एखाद्या निवृत्त शिक्षकाचा सहा पानांचा लेख असतो आणि त्यात सोनं असतं: शाळा आधी कुणाच्या ओसरीवर भरायची, प्लेगात ती माळावर कशी हलली, अस्पृश्य मुलांना वर्गात घेतलं तेव्हा किती पालकांनी मुलं काढून नेली. कोशाचा संपादक स्मरणिका नाकारतो, कारण ती शाळेनेच छापलेली. मला इथे संपादकांनी थोडं मोकळं व्हावंसं वाटतं. शाळेच्या थोरवीसाठी स्मरणिका पुरावा नाही, पण सालासाठी, जागेसाठी, शिक्षकांच्या यादीसाठी ती धरायला हरकत नाही. मात्र कुंडमकडे स्मरणिकाही नसते. स्मरणिकेला वर्गणी लागते, वर्गणीला शहरात स्थिरावलेले माजी विद्यार्थी लागतात. जिथे तिसरी-चौथीनंतर मुलं जंगलात किंवा मजुरीला गेली, तिथे माजी विद्यार्थी संघ कुठून येणार?

ही सगळी चर्चा आज करण्याला एक निकड आहे. मध्य प्रदेशात १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना आली. आदिवासी भागात एका किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि पंचवीस मुलांचे पालक मागणी करतील, तर नव्वद दिवसांत गुरुजी आणि शाळा द्यायची. बिगर-आदिवासी भागात हीच अट चाळीस मुलांची. कुंडमसारख्या आदिवासी विकासखंडांत त्यामुळे टोल्याटोल्याला शाळा आल्या. त्याच वर्षी २२ मेच्या पहाटे भूकंप झाला आणि जबलपूर-मंडल्याकडच्या जुन्या इमारती तडकल्या. अलीकडे वारं उलटं वाहतं आहे. एकाच आवारातल्या, जवळजवळच्या शाळा एकत्र करण्याचं धोरण इकडे आलं. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. चांगलं की वाईट, ते वेगळं भांडण आहे. पण शाळा विलीन होते तेव्हा तिचा क्रमांक बंद होतो, फलक उतरतो, आणि रजिस्टरं एखाद्या पोत्यात भरून मोठ्या शाळेच्या कोपऱ्यात जातात. १९९० साली पूर्ण झालेल्या बरगी धरणाने मंडला, शिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित केली. त्या गावांतल्या शाळांची दफ्तरं कुठे गेली हे शोधायला कुणी एमएचा विद्यार्थी निघाला तर त्याचा प्रबंध आपोआप उभा राहील.

माझा निकाल सांगतो. जुन्या प्राथमिक शाळेला केवळ जुनी म्हणून स्वतंत्र नोंद देऊ नये. जिच्याविषयी नाव बदलल्यावर खोटं पडेल असं काही पुराव्याने लिहिता येतं, तिला द्यावी, मग ती शाळा आज चालू असो, बंद असो, पाडलेली असो. बाकी शाळांचं घर गावाच्या नोंदीत आहे. मात्र तिथे ती पाहुणी म्हणून नको. आज गावाच्या नोंदीत ग्रामदैवत असतं, यात्रेची तिथी असते, जवळचं रेल्वे स्टेशन असतं. शाळा कोणत्या साली निघाली, कुठल्या खात्याने किंवा कुणी काढली, कोणत्या वस्त्यांतून मुलं आली, मुली केव्हापासून आल्या, हे नसेल तर ती नोंद अपुरी समजावी, असा दंडक कोशकारांनी स्वतःला घालून घ्यावा. कुंडमच्या नोंदीत हिरनचा उगम असू द्या. त्याच्याखाली शाळेचे दोन परिच्छेद हवेत, आणि ते दोन परिच्छेद खरे हवेत.

ते लिहिण्यासाठी लागणारा मधला मजकूर शिक्षण खातं देणार नाही. इतिहासाच्या विभागांनी एमएच्या मुलांना राजेरजवाड्यांचे तेच ते विषय देण्याऐवजी एकेका शाळेचं रजिस्टर द्यावं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांतल्या भावी शिक्षकांना गावातल्या सत्तरीच्या माणसांकडे पाठवावं. निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेचा इतिहास शुभसंदेशांशिवाय लिहावा आणि एखाद्या इतिहास मंडळाच्या नियतकालिकात छापावा. कोश त्याची दखल घेईल. घेतली नाही तर भांडायला तेव्हा आपल्याजवळ कागद असेल.

आणि तुमच्या गावची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होणार असल्याचं कानावर आलं, तर आधी मुख्याध्यापकांना भेटा आणि रजिस्टरं हलवण्यापूर्वी त्यांच्या पानांचे फोटो खात्याच्या परवानगीने काढून घ्या. मुलांच्या नावांचा मजकूर आहे, तो कुठेही उघडा टाकू नका. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, एक जिल्ह्याच्या अभिलेखागारात द्या आणि दिल्याची पोच घ्या.